बॅनकबर्नच्या वाळवंटात माझा रिपोर्ट

हे लिहू नका, असं मला तीन जणांनी सांगितलं. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, न्यूझीलंडचं जरूर लिहा, पण ते तेवढं गाळा." शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं मत पडलं की प्रवासवर्णनात निसर्ग असावा, आजार नसावा. तिसरे आमचे जावई. त्यांनी फोनवर, अतिशय नम्रपणे, तेच सुचवलं. मी तिघांचंही ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली.

न्यूझीलंडहून आलेली माणसं हिरवळ सांगतात, मेंढ्या सांगतात, बर्फाचे डोंगर सांगतात. ते सगळं आहे, आणि ते सांगायला पुष्कळ लोक आहेत. मी १९९६च्या जानेवारीत तिथल्या वाळवंटात तंबू ठोकून राहून आले, तेवढंच सांगणार आहे.

आधी माझी ओळख. मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी चौतीस वर्षं नर्स होते. त्यातली शेवटची अठरा वर्षं ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर. सर्जन कितीही नावाजलेला असो, रक्त टिपायच्या बोळ्यांची मोजणी जुळल्याशिवाय मी त्याला पोट शिवू दिलं नाही. त्यामुळे काही सर्जन मला घाबरायचे आणि उरलेले माझ्यावर चिडायचे. दोन्हीमुळे माझं काही अडलं नाही.

मंजिरी माझी एकुलती एक मुलगी. डॉक्टर. सांगलीला तीन वर्षं प्रॅक्टिस करून नवऱ्याबरोबर, म्हणजे आनंदबरोबर, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला गेली. तिथे आपली डिग्री आपोआप चालत नाही, परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षा मंजूने पहिल्या फटक्यात काढली. प्रत्यक्ष पेशंट तपासायच्या परीक्षेत मात्र दोनदा आपटली. तिथे पेशंटचं सोंग घेतलेली माणसं बसवतात. एका बाईंना कॅन्सर झालाय आणि तो त्यांना सांगायचा, असा प्रश्न होता. मंजूने त्यांची विचारपूस केली, धीर दिला आणि शेवटी म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना आत बोलवा, मला त्यांच्याशी दोन मिनिटं बोलायचंय." परीक्षकाने तिथेच पेन खाली ठेवलं. हे ऐकून मला परीक्षकाचाच राग आला होता. आपल्याकडे कुठला डॉक्टर पेशंटच्या तोंडावर असलं काही सांगतो?

पुढची परीक्षा मार्चमध्ये होती. फॉर्म भरायचा की नाही, यावर ती बोलायलाच तयार नव्हती. एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचं काम करत होती आणि "चाललंय की, आई" म्हणत होती.

डिसेंबरात मी तिच्याकडे राहायला गेले आणि तिथे माझ्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. मंजूने तिथल्या डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफी झाली, मग स्कॅन झाला. एके दिवशी दुपारी फोन वाजला. मंजूने तो घेतला, "हो, मीच बोलतेय" म्हणाली आणि फोनची लांबलचक वायर ओढत कपडे धुवायच्या खोलीत जाऊन दार लावलं. बाहेर आली तेव्हा हसत होती. "खडे आहेत बारीक. पाणी भरपूर पी."

त्या दिवसापासून घरात माझे लाड सुरू झाले. आमटी खारट झाली तरी आनंद दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. मी टीव्हीचा आवाज वाढवला तर कुणी काही बोलायचं नाही. रविवारी शिरा, बुधवारी शिरा. हे चाळे मी ओळखते. वॉर्डात एखाद्याच्या उशाशी रोज शिऱ्याचा डबा यायला लागला की आम्हा नर्सेसना केसपेपर बघायची गरज पडायची नाही.

एकदा खात्री करून घ्यावी म्हणून मी मुद्दाम अशक्य हट्ट धरला. म्हटलं, "मला वाळवंट बघायचंय." या हिरव्यागार देशात वाळवंट कुठून आणू, म्हणून मंजू मला उडवून लावेल, तर सगळं ठीक आहे. मंजू म्हणाली, "जाऊया ना, आई. दक्षिणेकडे आहे तसा भाग. मी रजा काढते. तंबूत राहू."

मला काय झालंय हे माझ्या मुलीला माहीत होतं आणि मला नव्हतं. ते तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून मी बॅग भरली. आनंदला रजा नव्हती. आम्ही दोघीच निघालो.

क्रॉमवेल: रस्त्याकडेची फळं

बोट, घाट आणि माझं गाडी लागणं वगळते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक खिंड ओलांडली आणि हिरवा रंग कुणी पुसून टाकावा तसा संपला. तपकिरी डोंगर, पिवळं वाळकं गवत, पापुद्रे सुटलेले काळपट खडक. मी म्हटलं, "हे वाळवंट? वाळू कुठेय? हा तर आपला जत-आटपाडीकडचा माळ आहे."

"आई, अख्ख्या देशात सगळ्यात कमी पाऊस इथे पडतो."

"जतलाही कमी पडतो. तिथे एसटी जाते."

मग रस्त्याकडेला फळं आली. सफरचंद, पेअर, जर्दाळू आणि नेक्टरिन, प्रत्येक फळ दुमजली घराएवढं, रंगवलेलं, एका चबुतऱ्यावर रचून ठेवलेलं. हा फळबागांचा गाव, म्हणून ही स्मारकं. माणसं गाड्या थांबवून फोटो काढत होती. आपल्याकडे नागपूरने एवढं संत्रं आणि सांगलीने एवढी हळदीची गाठ उभी केली असती तर आपण हसलो असतो. इथे सगळे अगदी गंभीरपणे फोटो काढत होते, आणि मंजू त्यांच्यात सर्वांत पुढे होती.

"आई, सफरचंदाखाली उभी राहा. आता पेअरखाली. चष्मा काढ. हस ना."

छत्तीस फोटोंचा रोल तिने अर्ध्या तासात संपवला आणि पिशवीतून दुसरा काढला. जी मुलगी स्वतःच्या लग्नात एकच रोल पुरवा म्हणत होती, ती. मी नेक्टरिनकडे पाठ फिरवून गाडीत जाऊन बसले. म्हटलं, "एवढे फोटो कशाला लागतात?" ती म्हणाली, "आठवण." आणि मग जीभ चावली.

जवळच जुन्या क्रॉमवेलची गल्ली आहे. नदीवर धरण बांधलं, तेव्हा मूळ गावाचा मुख्य रस्ता तळ्याखाली गेला. पाणी चढायच्या आधी काही जुनी घरं दगड न् दगड उचलून वर आणून मांडली. छापखाना, धान्याचं दुकान, घोड्यांचा तबेला. काठावर फलक आहे: कुठलं दुकान कुठे होतं, पाणी कधी चढणार हे लोकांना कधी कळवलं, कुणी विरोध केला. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली एक बाई माझ्याबरोबर आया म्हणून कामाला होती. तिच्या गावाचा असा फलक मी तरी पाहिलेला नाही. मी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मंजू तोवर माझ्यासाठी आइस्क्रीम आणायला धावली होती.

शर्लीचा कॅम्प

बॅनकबर्न हे क्रॉमवेलजवळचं छोटं गाव. कॅम्प शर्ली नावाच्या बाईंचा, वय माझ्याएवढंच, बासष्टच्या आसपास, पायात जँडल्स म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. "तंबू कुठेही लावा," म्हणाल्या. बाजूला पॉप्लरच्या उंच झाडांची रांग होती. मंजू एका बाजूला जागा बघायला लागली. मी तिला थांबवलं. मिरजेत घर बांधताना शिकलेलं ज्ञान होतं माझ्याकडे: ऊन दक्षिणेने येतं, सावली झाडाच्या उत्तरेला पडते. म्हणून तंबू झाडांच्या उत्तरेला.

मंजूने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी तिने वाद घातला असता. दोन खिळे वाकवून, एक अंगठा ठेचून आम्ही तंबू उभा केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तो भर उन्हात आणि झाडांची सगळी सावली पलीकडच्या रिकाम्या जागेत. त्या अर्ध्या जगात सूर्य उत्तरेकडून जातो. हे मी भूगोलात वाचलं होतं, पण तंबू लावताना भूगोल कोण आठवतं? मला राग माझ्या चुकीचा आला नाही. मंजूला हे ठाऊक होतं आणि मी दुखावेन म्हणून ती गप्प राहिली, याचा आला.

तंबू हलवायला शेजारच्या कॅरव्हॅनमधले रॉन मदतीला आले. सत्तरीचे, खप्पड गालांचे, आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरलेले. त्यांचे हात अजून लोखंडी होते. पहारीसारख्या जाड खिळ्यांनी त्यांनी पाच मिनिटांत तंबू सावलीत बसवला. आभार मानायला मी त्यांना जेवायला बोलावलं.

कॅम्पचं स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून एक. मी बेसनाची धिरडी करायला घेतली, तर ओवा घरी विसरलेला. बाहेर माळावर सगळीकडे थाईम नावाचं झुडूप माजलेलं होतं, जांभळट फुलांचं. पानं चुरडली तर वास थेट ओव्याचा. मुठीभर घातली. धिरडी अशी झाली की शर्लीबाई ताट घेऊन रांगेत आल्या. त्यांच्यात जेवायला आलेला प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. रॉननी जर्दाळूंची पिशवी आणली, शर्लीबाईंनी बीट. आपल्याकडे पाहुण्याने बीट आणलं असतं तर वर्षभर बोललो असतो.

रॉन एकच धिरडं खाऊन थांबले. मी आग्रह केला, आणखी एक घ्या, अर्धं तरी घ्या. ते म्हणाले, "छान आहे हो, पण जात नाही. पोटाचा कॅन्सर आहे मला. डॉक्टरने गेल्या हिवाळ्यात सांगितलं, दीडेक वर्ष. म्हणून घर विकून ही कॅरव्हॅन घेतली." आणि जर्दाळूची बी ताटाच्या कडेला नीट ठेवली.

मंजूच्या हातातलं उलथणं खाली पडलं. मी माझ्या चौतीस वर्षांत एकाही पेशंटच्या तोंडून हे असं, हवापाण्यासारखं ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं? स्वतःला?"

रॉननी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "पोट माझंच आहे. दुसऱ्या कुणाला सांगणार?"

मी उरलेली धिरडी उलटली. आमचे हे, मंजूचे अण्णा, नऊ वर्षांपूर्वी जठराच्या कॅन्सरने गेले. त्यांना आम्ही अल्सर सांगितला होता. शेवटच्या आठवड्यापर्यंत ते पांढरं औषध मोजून दोन चमचे घ्यायचे, पथ्य पाळायचे, आणि बरा झालो की कोकणात जाऊ म्हणायचे. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. ते विचारायची वाटच मी ठेवली नव्हती. मला तेव्हा वाटलं होतं, मी त्यांना जपलं.

धुऊन काढलेली टेकडी

तिसऱ्या दिवशी सकाळी सोन्याची जुनी खाण बघायला गेलो. गाडी लावल्यावर मंजू तिथल्या फलकाकडे गेली आणि मी उन्हाचं मलम शोधायला गाडीचा समोरचा कप्पा उघडला. मलमाखाली एक पाकीट होतं. हॉस्पिटलचं. वर माझं नाव टाइप केलेलं, अगदी मिसेस-मिसच्या घोळासकट. पाकीट फोडलेलं होतं.

इंग्रजी मला मंजूइतकंच येतं, आणि रिपोर्ट तिच्यापेक्षा जास्त वाचलेत. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी पाकीट हातात धरून बसले. मग ते मलमाबरोबर पिशवीत टाकलं आणि निघाले. कागद वाचून मला आजार कळला असता. पण मला माझी मुलगी हवी होती, तो फोन आल्यापासून सोळा दिवस जी माझ्याशी नर्सरीतल्या बाईसारखं बोलत होती ती नव्हे, खरी.

खाण म्हणजे अख्खी टेकडी. शंभरेक वर्षांपूर्वी सोन्यासाठी लोकांनी जाड पाइपांतून पाण्याचे झोत सोडून ती धुऊन काढली. आता मातीचे उघडे सुळके आणि कडे उरलेत, मधून पायवाट. एका खडकाखाली दगड रचून केलेला आडोसा आहे. फलकावर लिहिलंय की इतरांनी सोडून दिलेल्या मातीतलं उरलंसुरलं सोनं शोधायला चिनी कामगार आले, ते अशा खोपट्यांत राहत.

मंजू आडोशाकडे बघत म्हणाली, "आमच्यासारखेच. दुसऱ्यांनी टाकलेलं चाळत बसायचं. आई, मी नाही भरणार तो फॉर्म."

"का?"

"मला जमत नाही. माणसाच्या तोंडावर ते सांगणं मला जमतच नाही."

मी त्या खडकाच्या सावलीत बसले. पिशवीतून पाकीट काढून दोघींच्या मध्ये दगडावर ठेवलं.

"मी वाचलेलं नाही," मी म्हटलं. "मी पेशंट आहे. तू डॉक्टर आहेस. सांग."

"आई, प्लीज."

"आई नाही. पेशंट. तुम्ही म्हण."

"आई, तसं काही फार नाहीये, ते डॉक्टर म्हणाले की जरा एकदा दाखवून..."

"नापास. पुन्हा."

मग ती इंग्रजीत सुरू झाली. परीक्षेसाठी पाठ केलेली गुळगुळीत वाक्यं होती, एकही माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. मी म्हटलं, "मराठीत."

"मराठीत मी हे कधी ऐकलंच नाहीये, आई! कुणी कुणाला सांगतच नाही!" ती ओरडली. खालच्या वाटेवरचं एक जोडपं थबकून वर पाहायला लागलं. मी त्यांना हात केला आणि त्यांनी गोंधळून उलट हात केला.

"मग आज पहिल्यांदा ऐक. तुझ्याच तोंडून."

ती माझ्यासमोर, मातीतच, मांडी घालून बसली. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुम्हाला आत्तापर्यंत काय काय माहीत आहे?"

"खडे आहेत असं सांगितलंय. मला पटलेलं नाही."

"ते खरं नव्हतं. तुमच्या डाव्या किडनीत गाठ आहे. स्कॅनवरून ती कॅन्सरची आहे असंच सगळ्यांना वाटतंय. दुसरीकडे कुठे पसरलेली दिसत नाही. ती किडनी काढावी लागेल, लवकर." ती थांबली. नजर तिने काढली नाही. "तुम्हाला काही विचारायचंय?"

मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू? पण भीतीबरोबर दुसरंही काहीतरी आलं. सोळा दिवस माझी किडनी त्या दोघांच्या ताब्यात होती, ती मला परत मिळाली. मी आकार विचारला, रक्तवाहिनीत शिरलीय का विचारलं, दुसरी किडनी कशी आहे विचारलं. तिने एकेकाचं उत्तर दिलं. जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली. तिला डॉक्टर म्हणून बोलताना मी त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं. चांगली डॉक्टर आहे.

"ऑपरेशन मिरजेत," मी म्हटलं. "माझ्या थिएटरात. तिकीट बदलून घे. आणि आनंदला सांग, शिरा बंद."

ती हसली आणि त्याबरोबर रडायलाही लागली. मी तिला रडू दिलं. तेवढ्यात माझ्याच तोंडून एक प्रश्न निसटला, जो मी नऊ वर्षांत कुणाला विचारला नव्हता.

"अण्णांना आपण सांगायला हवं होतं का गं?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, आई, तेव्हा काळच तसा होता. सोळा दिवसांतली मंजू तेच म्हणाली असती. या मंजूने डोळे पुसले.

"हो," ती म्हणाली. "त्यांनी मला विचारलं होतं. मी इंटर्न होते, रात्रपाळी संपवून त्यांच्याजवळ बसले होते. म्हणाले, मंजू, तू तरी सांग. मी सांगणार होते, आई. तेवढ्यात तू आत आलीस, मला दंडाला धरून बाहेर काढलंस आणि म्हणालीस, एक शब्द बोललीस तर मला आई म्हणू नकोस. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही."

वारा सुटला होता आणि खालून थाईमचा वास येत होता. दंड धरल्याचं मला आठवत होतं. ते त्यांनी पलंगावरून पाहिलं होतं, हे मी इतकी वर्षं आठवू दिलं नव्हतं. माझ्यापाशी चौतीस वर्षांच्या नोकरीत साठवलेली बरीच उत्तरं होती. त्यातलं एकही मी काढलं नाही.

"माझं चुकलं, मंजू," मी म्हटलं. आजवर हे मी एकाही सर्जनला म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, "हो, आई. चुकलं."